गुरम्माच्या कडक भाकरी

७ ऑगस्ट १९७७

आज गल्लीत घरोघरी जाऊन मी शी मागितली. पालिकेच्या शाळेत वीस वर्षं पाढे शिकवलेल्या दाक्षायणीबाई, हातात रिकाम्या काडेपेट्यांची पिशवी घेऊन दारोदार! सासूबाई असत्या तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला असता.

काम असं आहे. डॉक्टर म्हेत्रे मुंबईहून शिकून आलेत. ते म्हणतात, आतड्याचा कॅन्सर असला तर डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी शौचातून थोडं थोडं रक्त जातं. काडेपेटीत नमुना आणून दिला की ते त्यावर औषधाचे थेंब टाकतात. निळं झालं तर रक्त आहे, मग पुढची तपासणी. लवकर कळलं तर माणूस वाचतो. हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! दीड वर्ष मी नवऱ्याला मूळव्याध, मूळव्याध म्हणत कुण्या वैदूच्या पुड्या चारत बसले. शेवटी मिरजेला नेलं, तिथे त्यांनी पोट उघडलं आणि पाहून तसंच शिवलं. तीन वर्षं झाली. अजून 'मूळव्याध' हा शब्द कानावर पडला की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

लोक मात्र दार उघडत नाहीत. मागच्या वर्षी नसबंदीसाठी जी धरपकड झाली तिचा धसका अजून गेलेला नाही. मी 'शिबिर' म्हटलं आणि तिसऱ्या घरातल्या म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी धोतर घट्ट धरलं. मी म्हटलं, "मामा, मला पुढचं काही नको, मागचं द्या." सून पदरात तोंड घालून हसली, पण पेटी ठेवून घेतली.

पेट्या मल्लप्पाने दिल्या. माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा शेंबडं पोर होता, माझ्याच पदराला नाक पुसायचा. आता घरचं किराणा दुकान बघतो. काड्या पुडीत बांधून सुट्या विकतो आणि पेट्या मला देतो. म्हणतो, "वैनी, तुमच्यापायी गल्लीतल्या चुली पुडीवर चालाय लागल्यात की!"

२१ ऑगस्ट

पिशवीभर पेट्या आल्या. त्यांतल्या दोनांत शेळीच्या लेंड्या निघाल्या. डॉक्टर हसले, मी नाही हसले. कुणाच्या ते मला बरोबर माहीत आहे.

खरी पेटी आणली ती गुरम्माने. शेजारची विधवा, कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकून पोट भरते. तिच्यासारखी भाकरी आख्ख्या सोलापुरात नाही, महिना महिना राहते. पदराखाली पेटी लपवून आली आणि माझ्या हातात देऊन झपाझप गेली.

३० ऑगस्ट

गुरम्माची पेटी निळी झाली.

डॉक्टरांनी नळी घालून बघितलं, आत गाठ आहे. मिरजेला जायला हवं. ती माझ्याच ओसरीवर बसून होती, रडली नाही. एवढंच म्हणाली, "अक्का, कुणाला कळू देऊ नगा. मी खायाचं इकते. लिंगावर हात ठिवून सांगा."

मी गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला आणि शपथ घेतली. त्यात काय मोठं! बाई वाचली म्हणजे झालं. लोकांना सांगितलं की बहिणीकडे बार्शीला गेली.

२ ऑक्टोबर

गुरम्मा मिरजेहून परत आली! वाळली आहे, पण चालते, बोलते. गाठ वेळेवर निघाली, वर्षभराने आली असती तर हात टेकले असते असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणे. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. हे गेले तेव्हाही इतकं मोकळं रडता आलं नव्हतं. निदान एक माणूस तरी मी ओढून आणलं.

१९ ऑक्टोबर

नवरात्र. शाळेच्या पटांगणात महिला मंडळाची सभा. दीडशे तरी बायका असतील. डॉक्टर नकाशा लावून आतडं दाखवत होते आणि बायका एकमेकींच्या साड्यांचे काठ बघत होत्या. मला राहवेना. मी उठले आणि सांगून टाकलं. "नकाशा कशाला बघता, आपली गुरम्मा बघा! तिला कॅन्सर होता. पेटी दिली म्हणून आज ती जिवंत आहे." सगळ्या माना एकदम वळल्या. गुरम्मा मागच्या रांगेत होती.

काय परिणाम झाला! सभा संपल्यावर चाळीस बायकांनी पेट्या नेल्या. डॉक्टर मात्र जाताना म्हणाले, "बाई, नाव घ्यायला नको होतं." डॉक्टरांना माणसं कळत नाहीत. नाव घेतल्याशिवाय कोण विश्वास ठेवतो? आणि शपथ आजाराची होती, आजार तर गेला.

गुरम्मा न भेटताच निघून गेली. दमली असेल.

१५ नोव्हेंबर

दिवाळी झाली. गुरम्माच्या भाकरी कुणी घेईना. कुणी म्हणतं तिच्या हातून लागेल, कुणी म्हणतं देवाला नैवेद्य कसा दाखवायचा. काय हा अडाणीपणा! मी मुद्दाम दोन डझन घेतल्या, चारचौघींसमोर, मोठ्याने मोजून. तिने पैसे घेतले आणि दार लावलं. उपकाराची जाणीव नावालाही नाही. जाऊ दे, आजारपणाने स्वभाव कडू होतो.

घरात वेगळीच धामधूम. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी नंदीध्वजांचा, म्हणजे मानाच्या काठ्यांचा, सराव सुरू झालाय. औंदा मानाची काठी पेलायची पाळी मल्लप्पाची. सासऱ्यांनी पेलली, यांनी पेलली, आता हा. ती उंच, जड काठी कमरेच्या पट्ट्यात तोलून चालायचं म्हणजे गंमत नाही. यांनी पेलली तेव्हा मी गर्दीत उभी राहून नखं खाल्ली होती.

मल्लप्पाने पट्ट्याला नवं भोक पाडून घेतलं. मी म्हटलं, "वजन उतरलं वाटतं पैलवानाचं." तो म्हणाला, "सरावानं हुतंय वैनी." जेवणही नेमस्त केलंय. भाकरी अर्धीच, रात्री इसबगोल. मला आवडली ही शिस्त. यांच्यात नव्हती.

४ डिसेंबर

लोकांना ज्ञान सांगायचं तर आधी आपल्या घरापासून. आज रत्नम्माच्या हातात दोन पेट्या दिल्या, एक तिची, एक मल्लप्पाची. रत्नम्मा म्हणजे माझी जाऊ, मल्लप्पाची बायको. मैंदर्गीची, घाबरली की कानडीत जाते. आज म्हणाली, "ब्याडा अक्का, नको, यात्रा होऊ दे की." मी म्हटलं, यात्रेचा आणि शीचा काय संबंध? मल्लप्पा दुकानाच्या पायरीवर बसला होता, तो काड्यांच्या पुड्या बांधत राहिला.

संध्याकाळी रत्नम्माने दोन्ही पेट्या आणून दिल्या. आतला ऐवज अगदी सारखा. मी चिडवलं, "एका ताटात जेवता ते दिसतंय!" बिचारी लाल झाली.

बायकोपणाची हौस पण किती! हल्ली मल्लप्पाची धोतरं पहाटे उठून स्वतःच धुते, मोलकरणीला हात लावू देत नाही. मी कधी एवढं केलं नाही.

११ डिसेंबर

आमच्या घरच्या सगळ्या पेट्या स्वच्छ! मी आज सभेत छाती काढून सांगितलं, "माझ्या घरातल्या एकूण एक माणसाने पेटी दिली आहे, तुम्हाला कसली लाज?" टाळ्या पडल्या. मल्लप्पाला सांगितलं तर तो हसला आणि गिऱ्हाइकाचा माल तोलायला वळला. यांच्या फोटोसमोर उभी राहून सांगितलं, तुमच्या भावाला काही नाही.

३० डिसेंबर

सराव बघायला गेले. मल्लप्पाने काठी छान उचलली, पण थोड्याच अंतरावर दुसऱ्याकडे दिली आणि भिंतीला टेकून बसला. तोंड पिठासारखं. घरी आल्यावर मी रागावले, "उपास पुरे कर, गुळाचा शिरा खा." रत्नम्मा म्हणाली, "नजर लागली हाय." मीठमोहऱ्या ओवाळल्या. मी शिकलेली बाई, तरी ओवाळू दिल्या. नजर नसते असं छातीठोक कोण सांगणार?

१४ जानेवारी १९७८

देवाच्या लग्नाच्या अक्षता पडल्या! हर्र बोला हर्र!

पांढऱ्या बाराबंदीत मल्लप्पा असा दिसत होता की यांचीच आठवण आली. काठी त्याने सरळ तोलली, एकदाही झुकू दिली नाही. लोक ओरडत होते, "मल्लप्पा, शाब्बास!" माझ्या डोळ्यांना धार. शेंबडं पोर माझं, आज आख्ख्या गावाने पाहिलं.

काठी दुसऱ्याकडे देताच रत्नम्मा गर्दीतून धावली आणि तिने त्याच्या कमरेला चादर गुंडाळली. मी म्हटलं, अगं थंडी एवढी नाही, बाराबंदी दिसू दे की लोकांना. तिने माझं ऐकलंच नाही, त्याला जवळजवळ ओढत नेलं. मला राग आला. मान आमच्या घराचा, आणि ही चादरीत झाकते!

१७ जानेवारी

सगळं क्रमाने लिहून ठेवते.

काल मल्लप्पा दुकानात तेल मोजताना खाली पडला. डॉक्टर म्हेत्र्यांकडे नेलं. ते आत तपासत होते, आम्ही दोघी बाकावर. बाहेर आले ते माझ्याकडेच बघत. म्हणाले, "अंगात रक्त उरलेलं नाही. आत तपासताना बोटाला गाठ लागते आहे, बाई. ही आजकालची नाही. डिसेंबरात पेटी स्वच्छ कशी आली?"

मी म्हटलं, तुमचं औषध चुकलं असेल. भांडायच्याच तयारीत होते. तेवढ्यात रत्नम्मा खाली बघत बोलली, "अवषद न्हाय चुकलं. दोनी पेट्या माज्याच व्हत्या."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि वाटलं, हिच्या एक थोबाडीत द्यावी. श्रावणापासून रक्त जात होतं म्हणे. श्रावणापासून! मी दारोदार पेट्या वाटत होते तेव्हा ही दोघं माझ्याच घरात, माझ्याच दुकानच्या पेटीत मला फसवत होती. सभेत मी छाती काढून बोलत होते आणि ही खाली बसून ऐकत होती. टाळीसुद्धा वाजवली असेल.

मल्लप्पाला विचारलं, "का रे? तुझ्या भावाचं डोळ्यांनी बघितलंस ना तू?"

तो म्हणाला, "वैनी, औंदा काठी माजी व्हती. आप्पानं उचलली, अण्णानं उचलली. तुमाला कळलं आसतं तर..."

"तर काय?"

त्याने भिंतीकडे तोंड केलं. उत्तर दिलं रत्नम्माने. "तर गावाला कळलं आसतं. लोकांनी मायेनंच म्हटलं आसतं, मल्लप्पा, तू बस, औंदा दुसरं कुणी उचलंल. अक्का, तुमच्या पोटात ऱ्हातं काय? गुरम्माच्या भाकरी बघितलाव न्हवं?"

आता भाकरीचा इथे काय संबंध! गुरम्माचा जीव वाचवला मी. जीव! आणि ही बाई नवऱ्याचा जीव काठीपायी घालवते आणि वर मलाच ऐकवते.

१८ जानेवारी

रत्नम्माशी बोलले नाही. तिने ताट वाढलं ते तसंच ठेवलं. वाढवलं ते पोर आपलं राहिलं नाही. हे तर फोटोत बसलेत, यांना काय विचारायचं?

३ फेब्रुवारी, मिरज

ऑपरेशन झालं. गाठ निघाली, पण यकृतातही थोडी पसरली होती, ती तशीच ठेवावी लागली. पोटाला भोक पाडून पिशवी लावली आहे, आता शौच त्यातून. इथले डॉक्टर म्हणाले, "चार-पाच महिने आधी आला असता तर मी निर्धास्त घरी पाठवलं असतं. आता बघू." यांच्या वेळी ज्या बाकावर बसले होते, त्याच बाकावर बसून मी ऐकलं.

मग वॉर्डात मल्लप्पाच्या खाटेपाशी रत्नम्मा माझ्याशेजारी बसली. मी सरकले नाही. तिनेच तोंड उघडलं. "अक्का, कुणाला सांगू नगा. खायाप्यायचं दुकान हाय. तेवढंच हाय आमाला."

मी रागातच गळ्यातल्या लिंगाकडे हात नेला. खाटेवरून मल्लप्पा म्हणाला, "शप्पत नको वैनी. नुसतं सांगू नका."

शपथ नको! माझ्या शपथेची ही किंमत! रात्रभर मला ते वाक्य टोचत राहिलं. एवढं कशाला टोचावं तेही कळेना.

१२ मार्च

आज पुन्हा सभा. मी जाणार नव्हते, डॉक्टरांनी आग्रह केला. रत्नम्माही आली, पटांगणाच्या फाटकाशी उभी राहिली. मागच्या रांगेत गुरम्मा. ती डॉक्टरांना दाखवायला आली होती, माझ्यासाठी नव्हे. नवरात्रापासून ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही.

मोहोळकडचा एक शेतकरी आला होता, धोंडीराम नावाचा. चाळिशीचा, अंगाने काटक, पण डोळे आत गेलेले. हातात काडेपेटी, बाजारात कुणाकडून तरी ऐकून आलेला. सगळ्यांदेखत उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, मला दिवाळीपासनं रगत जातंय. लोकं म्हनत्यात मूळव्याध हाय, उगं कापाकापी करून घिऊ नगं. तुमच्या दिरालाबी मिरजंला न्हेलतं म्हनं. त्येला काय झालतं?"

मी फाटकाकडे पाहिलं. रत्नम्मा मान हलवत नव्हती, काही नाही, नुसती बघत होती. दुकान, पिशवी, शपथ नको वैनी, सगळं एकदम आठवलं.

मी म्हटलं, "मूळव्याध."

हा शब्द. माझ्या तोंडून.

धोंडीरामचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "आसं व्हय! मंग माजंबी त्येच आसंल की. लई भ्यालो व्हतो बगा." आणि त्याने पेटी खिशात घातली. हात जोडले, निघाला. मी त्याला हाक मारली नाही. खरं सांगितलं तर दीर दुरावतो, नाही सांगितलं तर हा जातो. डॉक्टर माझ्याकडे बघत होते, त्यांना सगळं माहीत. त्यांनीही मल्लप्पाला शब्द दिलेला.

मागच्या रांगेतून आवाज आला, "ए बाबा, थांब की."

गुरम्मा उठली होती. गुडघ्यावर हात टेकत टेकत पुढे आली आणि त्याच्या वाटेत उभी राहिली. "मलाबी समदे मूळव्याधच म्हनत व्हते. कॅन्सर व्हता. मिरजंत गाठ काढली माजी. समद्या गावाला म्हाईत हाय, तुला येकट्यालाच न्हाय, म्हनून सांगते. दे ती पेटी."

तो घुटमळला. तिने हात पुढे केला तो मागे घेतला नाही. शेवटी त्याने खिशातून पेटी काढून तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती माझ्या हातात दिली नाही. माझ्या पुढून गेली आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

घरी येताना रत्नम्मा माझ्या बरोबरीने चालत होती. दाराशी आल्यावर म्हणाली, "सांगितला न्हाईसा अक्का." पहिल्यांदाच तिचा आवाज मऊ होता. मी मात्र तिच्याकडे न बघता आत गेले.

१३ मार्च

डॉक्टरांचा निरोप आला. धोंडीरामची पेटी निळी झाली. उद्या त्याला नळी घालून बघणार आहेत.

मल्लप्पा आज पहिल्यांदा दुकानात थोडा वेळ बसला. शर्ट सैल, पिशवी दिसत नाही. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "काय झालतं?" तो म्हणाला, "मूळव्याध," आणि माझ्याकडे बघितलं. मी साखर बांधत राहिले.

संध्याकाळी गुरम्माकडे गेले. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं, दारात पोचेपर्यंत सगळं विसरले. ती तव्यापाशी होती. मी म्हटलं, "गुरम्मा, दोन डझन भाकरी दे."

तिने मान वर केली. कालच्यापेक्षा थकलेली दिसली. "सपल्या अक्का," म्हणाली.

तिच्यामागे भिंतीला टेकून भाकरींची चळत छातीपर्यंत लागली होती. मला दिसत होती, आणि मला दिसते आहे हे तिलाही दिसत होतं. मी म्हटलं, "बरं," आणि परत आले.

मी तिचा जीव वाचवला होता. हे वाक्य आज लिहून बघितलं, एकदा, दोनदा. पहिल्यासारखं वाटत नाही.